घर दोघांचे, मग मोठे मन एकीनेच का करायचे?

"ताई, तुम्ही चळवळीतल्या आहात. घरासाठी भांडणे तुम्हाला शोभत नाही. मोठे मन करा आणि सही करून टाका."

विहारातल्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने हे सांगितले आणि आम्ही गप्प बसलो. वस्तीतल्या बायकांना बारा वर्षे त्यांचे हक्क समजावून सांगणारे आम्ही, स्वतःच्या घराचा प्रश्न आला तेव्हा मान खाली घालून बसलो. त्या गप्प बसण्याचा जाब आम्हीच स्वतःला विचारला पाहिजे, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे लग्न २०१२ साली नागपुरात बौद्ध पद्धतीने झाले. २०१५ मध्ये दोघांनी मिळून शहराच्या कडेला एक फ्लॅट घेतला. किंमत २८ लाख. त्यातले २२ लाख कर्ज, ६ लाख जवळचे. या सहांपैकी साडेतीन लाख आमच्या आईचे होते. आई आयुष्यभर सफाई कामगार होती. निवृत्तीनंतर हातात आलेला पैसा तिने लेकीच्या घरात घातला. फ्लॅट दोघांच्या नावे, कर्जही दोघांच्या नावे.

संसार टिकला नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. दोघांचे जमले नाही, एवढेच. ते त्यांच्या आईवडिलांकडे राहायला गेले. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा आणि मुलगी आमच्याजवळ राहील, हे दोन बैठकांत ठरले. घरावर मात्र वर्षभर अडले.

२०२३ मध्ये दोघे हिशेबाला बसलो. त्यांनी पासबुक आणले. साडेवीस हजारांचे ९६ हप्ते झाले होते, त्यातले ८९ त्यांच्या खात्यातून गेलेले. उरलेले सात आमच्या खात्यातून, कोरोनाच्या काळात त्यांचा पगार अर्धा झाला तेव्हाचे. "घर मी फेडले आहे," ते म्हणाले. कागदावर ते खोटे नव्हते. पण त्याच आठ वर्षांत किराणा, वीजबिल, मुलीची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आमच्या पगारातून गेला. त्यांचा पगार हप्त्यासाठी मोकळा राहिला, कारण घर आमच्या पगारावर चालले. शिवाय स्वयंपाक, मुलीचे आजारपण, त्यांच्या आईचे ऑपरेशन झाले तेव्हाची दोन महिन्यांची बिनपगारी रजा, याची नोंद कोणत्या पासबुकात असते?

समाजशास्त्राच्या वर्गात घरकामाच्या अदृश्य श्रमावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. पण पासबुक समोर आले तेव्हा क्षणभर आम्हालाही वाटले, की घर त्यांचेच आहे. पुरुषसत्ता पुरुषाच्याच डोक्यात असते असे नाही.

विहारातल्या बैठकीने सुचवलेला तोडगा असा होता: आम्ही आमचा अर्धा हिस्सा त्यांच्या नावे करून द्यायचा, कर्ज ते फेडतील, आम्ही मुलीला घेऊन भाड्याने राहायचे. वकील ताईंनी कागद समोर ठेवला. महाराष्ट्रात नवरा-बायकोने एकमेकांना राहते घर बक्षीसपत्राने दिले तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. अधिभार आणि इतर खर्च वेगळा. घटस्फोटानंतर ही सवलत नाही, म्हणून सगळ्यांना घाई होती. मग त्यांनी जे सांगितले, ते बैठकीत कोणालाच माहीत नव्हते. हिस्सा सोडला म्हणून कर्ज सुटत नाही. बँकेच्या दप्तरी सहकर्जदार म्हणून आमचे नाव तसेच राहते. दोघांनी आपसात काय ठरवले याच्याशी बँकेला देणेघेणे नसते. हप्ता थकला तर बँक आमच्याकडे येणार. म्हणजे घर गेले, कर्ज मात्र राहिले.

घरी येऊन आईला सांगितले. ती एवढेच म्हणाली, "माह्या झाडूचा पैसा आहे त्या भिंतीत. कोणाले देऊन राहिली तू?"

दुसरी गोष्ट भाड्याची. आपल्या समाजातल्या ज्यांनी शहरात खोली शोधली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतो, मग जेवणखाण विचारतो. त्यात घटस्फोटित बाई आणि सोबत मुलगी असेल तर नवरा कुठे आहे हेही विचारतो. २०१५ च्या आधी आम्ही दोघांनी ही दारे ठोठावली आहेत. स्वतःच्या नावाचे घर म्हणजे आपल्यासाठी केवळ मालमत्ता नाही. आडनाव न सांगता झोपता येईल अशी ती एक जागा आहे. ती सोडायला सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

आता कायदा. आपल्या तरुणांमध्ये एक गैरसमज आहे की बौद्धांना हिंदू विवाह कायदा लागू नाही. नावाला आपला आक्षेप असू शकतो, पण १९५५ च्या या कायद्यात बौद्ध, जैन आणि शीख येतात. त्यातले कलम १३-ब परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे. कलम २७ लग्नाच्या वेळी मिळालेल्या दोघांच्या वस्तूंपुरते आहे. लग्नानंतर कमावलेले घर अर्धे-अर्धे वाटा, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा निवासाचा हक्क देतो, पण निवास म्हणजे मालकी नव्हे. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीच्या घरकामाला मालमत्तेतले योगदान मानून बरोबरीचा वाटा मान्य केला, ती वाट आशेची आहे. पण आज तरी आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: खरेदीखतावरचे नाव आणि घटस्फोटाच्या अर्जासोबत दोघांनी लिहून दिलेल्या अटी.

या अटीच आम्ही नव्याने लिहिल्या. फ्लॅटची बाजारातली किंमत ४४ लाख, कर्ज शिल्लक साडेसतरा लाख. लगेच विकायचे तर मुलीची शाळा तुटत होती. त्यांचा हिस्सा विकत घ्यायचा तर आमच्या पगारावर नवे कर्ज मिळत नव्हते. शेवटी ठरले ते असे. मुलगी आज चौथीत आहे. तिची दहावी होईपर्यंत आम्ही दोघी त्या घरात राहू. हप्ता दोघे अर्धा-अर्धा भरू. त्यांचा अर्धा हप्ता हा मुलीच्या निवाऱ्याचा खर्च, आमच्यावरचा उपकार नव्हे. सोसायटीचा मेंटेनन्स आणि कर आमच्याकडे. दहावीनंतर त्या वेळच्या किमतीने त्यांचा हिस्सा घेण्याचा पहिला हक्क आमचा. जमले नाही तर विक्री, कर्ज वजा जाता निम्मे-निम्मे. कोणी हप्ता चुकवला आणि दुसऱ्याने भरला तर ती रक्कम विक्रीच्या वेळी आधी वळती होईल.

हा तोडगा निर्दोष नाही. ते उद्या हप्ता थांबवतील ही भीती आहे. पुढची सहा वर्षे एका कर्जाने त्यांच्याशी बांधलेले राहू, हेही खरे. पण यात कोणी कोणाला काही दान केलेले नाही. सही करताना ते म्हणाले, "आईच्या साडेतीन लाखांचा विचार मी करायला हवा होता." तेही चळवळीतलेच आहेत, हे त्या दिवशी पुन्हा आठवले.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये याच नागपुरात महिला परिषदेत सांगितले होते की बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलामी नाकारावी. ज्या हिंदू कोड बिलात घटस्फोट आणि स्त्रीचा मालमत्तेतला पूर्ण हक्क दोन्ही होते, ते रखडले म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. हे दोन हक्क त्यांनी एकाच बिलात का ठेवले, ते आम्हाला उशिरा कळले. मालमत्ता नसेल तर घटस्फोटाचा हक्क म्हणजे रस्त्यावर येण्याचा हक्क.

म्हणून विहारात, वस्तीत बैठकीला बसणाऱ्या आपल्या भावांना विनंती आहे. मोठे मन करा असे सांगण्याआधी बँकेचा कागद मागवा, घरकामाचा हिशेब मांडा, मूल कुठे झोपणार ते विचारा. आणि त्यानंतरही मोठे मनच लागत असेल, तर ते दोघांकडे मागा.

जय भीम.