दाराची कूज खालून सुरू होते

या आठवड्यात आल्याच्या लागणीची नोंद टाकणार होतो, पण चार दिवस वाड्याच्या दाराच्या कामात गेले. शेवटी विषय आपलाच निघाला, पाण्याच्या निचऱ्याचा. म्हणून इथंच लिहितोय.

दार पणजोबांच्या वेळचं, सागवानी, दोन झडपांचं. बिजागरी एकही नाही. झडपेच्या कडेलाच वर-खाली गोल खुंट काढलेत. वरचा चौकटीतल्या भोकात फिरतो, खालचा दगडातल्या खळग्यात. दोन पावसाळे झाले, उजवी झडप घासायला लागली होती. खालची वीतभर फळी अंगठ्यानं दाबली तर आत जायची.

चैत्रात जुनं लाकूड घेणारा एक जण येऊन गेला. चौकटीसकट उचलतो म्हणाला. पैसे एवढे, की वीस गुंठे आल्याचं बेणं सहज आलं असतं. धाकट्या भावाचा पुण्याहून फोन, "दादा, देऊन टाक. लोखंडी बसवू, कायमची कटकट मिटंल." त्याचं काही चूक नव्हतं, बेण्याचे भाव तुम्हाला माहीतच आहेत. आई एवढंच म्हणाली, "आधी सुतारनानांना दाखवा. मग काय ते करा."

नानांनी दार नंतर बघितलं, आधी ओटा बघितला. "लाकूड वाईट न्हाई दादा. पाणी कुठनं येतंय ते बघा."

पूर्वी ओटा दगडी होता, सांध्यातून पाणी मुरायचं. पुढं त्यावर सिमेंटचा थर पडला. पातळी वर आली, उतार दाराकडं झाला आणि चौकटीचे पाय सिमेंटात गाडले गेले. पागोळ्यांचं पाणी उडून थेट फळीवर. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, आणि झडपेचं खालचं टोक नेमकं तेच. कूज म्हणजे बुरशीच. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. आल्यात पाणी साचत असताना कंदकुजीवर कितीही आळवणी केली तरी काय होतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. इथंही तसंच.

म्हणून आधी पाणी काढलं. दारापुढचं दीड फूट सिमेंट फोडलं, उतार बाहेर दिला, चौकटीचे पाय मोकळे केले. मग लाकडाला हात लावला.

नानांनी झडप काढून कुजकी फळी निरोगी लाकूड लागेपर्यंतच कापली, तीही तिरकी. म्हणजे सांध्यावर आलेलं पाणी बाहेर घरंगळतं. जोड दिला तो पाडलेल्या वाड्याच्या जुन्या सागाचा, रेषा मूळ फळीच्याच दिशेनं. बांधावरचं पंधरा वर्षांचं साग का नको? त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त, तो वाळवी खाते. टिकतो तो आतला तांबूस गाभा. सांध्याला खिळे नाहीत, लाकडाच्याच खुंट्या. लोखंड ओलीत गंजतं आणि भोवतालचं लाकूडही खराब करतं. झिजलेल्या खुंटाखाली पितळी चकती घातली, झडप उचलली गेली.

दोन झडपांमध्ये मुद्दाम फट ठेवलीय. आत्ता लाकूड सुकलेलं आहे, आषाढात ते रुंदीत फुगेल. भर पावसात दार अडतं म्हणून रंधा मारला, की उन्हाळ्यात तेच दार खुळखुळतं. दाराचं काम उन्हाळ्यातच काढावं.

दोन गोष्टी सांभाळा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो जाळू नका, कोरडा घासू नका. पाणी मारून घासा आणि खपल्या गोळा करा. गुरांनी चाटल्या तर विषबाधा होते. दुसरं, शेवटी जवसाचं तेल लावलं तर त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. ओली वैरण गंजीत तापते तशा त्या आपोआप तापतात, पेटही घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

दार उभं राहिलं. आता एका बोटानं फिरतं. भाऊ सुट्टीला आला, दोनदा उघडून लावून बघितलं, काही बोलला नाही. नानांची मजुरी आणि लाकूड धरून खर्च झाला, आणि दाराचे पैसे आले नाहीत ते वेगळंच. यंदा आलं वीस गुंठेच, उरलेल्या वीस गुंठ्यात घेवडा. हिशेब हा असा आहे, गोड करून सांगत नाही. पण तसं साग आता विकत घ्यायचं म्हटलं तर आपल्या आवाक्यातलं नाही, आणि बेणं पुढच्या वर्षीही मिळतं.

पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत एक काम करा. घरातल्या जुन्या दारांचं खालचं टोक आणि चौकटीचे पाय सळईनं टोचून बघा. सळई आत गेली तर सुताराला बोलवाच, पण त्याच्या आधी ओट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठं जातंय ते बघा.