निःप्रतीकार कोणी ठरवावे?

जिंतूर तालुक्यातील येलदरी हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. अशा गावातील एखाद्या सत्तरीच्या श्रावकाची भूक मंदावते, पोट जड राहते, वजन उतरते. घरचे म्हणतात, ‘उपवास फार झाले, पित्त वाढले.’ पित्ताच्या गोळ्यांवर महिने जातात. पुढे दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण दिसतो, कर्करोगाचा संशय कानी पडतो आणि घरात हलक्या आवाजात सल्लेखनेची भाषा सुरू होते.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सल्लेखनेच्या प्रसंगांत रोगाचाही समावेश केला, पण तो रोग निःप्रतीकार, म्हणजे उपाय न उरलेला असावा, ही अट घातली. परंपरा सांगते की, स्वतः आचार्यांना भस्मक व्याधी जडली, तेव्हा त्यांनी समाधिमरणाची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती दिली नाही. आधी व्याधी शमवण्यास सांगितले.

उपाय उरला की नाही, हे भीतीने नव्हे, परीक्षेने ठरते. जठरातील प्रत्येक कर्करोग एकसारखा नसतो. लिम्फोमा हा लसीका पेशींचा कर्करोग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. बायोप्सीसाठी अनेक ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. विशेष चाचण्यांनी पेशींचा प्रकार ठरवावा लागतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही शोधावा लागतो. या जंतूच्या शोधासाठी मार्शल व वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठरातील मंदगती ‘माल्ट’ लिम्फोमा आरंभीच्या अवस्थेत असेल, तर जंतू प्रतिजैविकांनी नष्ट केल्यावर अनेकदा तोही ओसरतो. अर्थात, त्यानंतरही दुर्बिणीची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

प्रकारानंतर अवस्था. त्यासाठी सीटी किंवा पेट स्कॅन, रक्ताच्या चाचण्या आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची तपासणी होते. लुगानो पद्धतीत पहिली अवस्था पचनमार्गापुरती असते. दुसरीत रोग पोटातील लसीका ग्रंथींपर्यंत किंवा लगतच्या अवयवात पोहोचतो. तिसरी अवस्था या पद्धतीत नाही. दूरवर पसरलेला रोग थेट चौथीत मोडतो. मात्र चौथी म्हणजे निःप्रतीकार, असेही नव्हे. वेगाने वाढणारे काही लिम्फोमा पसरल्यावरही केमोथेरपीने बरे होऊ शकतात.

या तपासासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. १९४१ पासून सेवेत असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. रुग्णाचे वय, श्रद्धा आणि इच्छा यांचा मान अवश्य राखावा. परंतु त्याच्यासमोर प्रकार व अवस्था सांगणारा अहवाल ठेवल्यावाचून त्याच्या वतीने ‘आता उपाय नाही’ असे म्हणण्याचा अधिकार घरातील कोणालाही नाही.