पावसाळी नाशिक : द्राक्षमळ्यांतले दोन निवांत दिवस

मैत्रिणींनो, नाशिकला आजवर आपण कितीदा गेलो असू? कधी रामकुंडावर कुणाचे दिवस करायला, कधी त्र्यंबकेश्वरला पूजेसाठी, तर कधी शिर्डीहून परतताना सासूबाईंना पंचवटी दाखवायला. म्हणजे गेलो ते कुणाचं तरी काहीतरी करायला! डबे आपणच भरले, औषधांच्या गोळ्या आपणच मोजून घेतल्या आणि घरी आल्यावर धुण्याचा ढीगही आपणच उपसला. त्याच नाशिकला निव्वळ आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून दोन दिवस जावं, असं कधी मनात आलंय का? आलं नसेल तर या पावसाळ्यात येऊ द्या. आणि यंदा घाटाकडे न जाता द्राक्षमळ्यांकडे जा.

आता द्राक्षमळे म्हटले की वाइनरी आलीच आणि वाइन म्हटलं की काही घरांत भुवया वर जाणार. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. दारूनं किती संसार धुळीला मिळाले, हे आपण आपल्याच गल्लीत पाहिलंय. म्हणून आधीच सांगते, ही सहल पिण्यासाठी नाही, चाखण्यासाठी आहे. या दोन्हींत फरक आहे आणि तो आपल्याला चांगलाच कळतो. भाजी सारखी झाली की नाही हे पाहायला आपण तळहातावर थेंबभर रस्सा घेतोच ना? तेवढंच ते.

हंगाम सोडूनच का जायचं?

नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. तेव्हा वेली घडांनी लगडलेल्या असतात, द्राक्षं पायांनी तुडवण्याचे कार्यक्रम होतात आणि मुंबई-पुण्याची सारी गर्दी तिथं लोटते. खोल्या महाग, टेबलासाठी ताटकळणं आणि चव समजावून सांगणाऱ्या माणसाला तर श्वास घ्यायला फुरसत नाही.

जुलै ते सप्टेंबरात चित्र उलटं असतं. पण एक गोष्ट मनाशी पक्की करून निघा, या दिवसांत वेलीवर एकही घड दिसणार नाही. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. पहिली एप्रिलच्या सुमारास, ती खरड छाटणी. दुसरी पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ती गोडी छाटणी. पीक येतं ते या दुसऱ्या छाटणीनंतर. मधल्या पावसाळ्यात वेल नुसती पानांनी भरते आणि पुढच्या घडांची शिदोरी काड्यांत साठवते. बघायला मिळतो तो हिरवागार मांडव, त्यामागं गंगापूर धरणाचं पाणी आणि डोंगरांवर टेकलेले ढग.

शेतकऱ्याला मात्र हे निवांतपणाचे दिवस नव्हेत. ओल्या हवेत पानांवर डाऊनी, भुरी असे रोग पडतात आणि उघडीप मिळाली की फवारणीची धांदल उडते. पुढं गोडी छाटणीच्या वेळी पेठ, सुरगाण्याकडच्या टोळ्या कामाला येतात. त्यांत बायाही पुष्कळ. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावणं, घडांची विरळणी करणं, ही सारी बारीक हातांची कामं. पुढ्यात पेला येईल तेव्हा या हातांची आठवण असू द्या.

नाशिकच का?

कारण हवा. इगतपुरीला घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, पण तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरचं नाशिक शहर पर्जन्यछायेत येतं, तिथं पाऊस कितीतरी कमी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर, हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री थंडी. द्राक्षाला हेच हवं. खायच्या द्राक्षांसाठी हा जिल्हा आधीपासूनच प्रसिद्ध होता. वाइनचा पसारा त्यामानानं अलीकडचा. सुलाची पहिली वाइन बाजारात आली २००० साली आणि राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं २००१ मध्ये. त्यानंतर एकेक करत वाइनऱ्या उभ्या राहिल्या. आता 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे, जसं आपल्या पैठणीला आहे.

बेत कसा आखाल?

मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर आणि पुण्याहून सुमारे २१०. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं आणि दरडींची भीती असते, म्हणून घाट दिवसाउजेडी ओलांडा. मुंबईकरणींना आगगाडी सर्वांत सोयीची. मात्र नाशिकरोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि बहुतेक वाइनऱ्या दुसऱ्या टोकाला, हे लक्षात ठेवून दोन दिवसांसाठी एखादी गाडी ड्रायव्हरसकट ठरवूनच टाका. ही चैन नव्हे, ही गरज आहे. चव घेतलेल्या माणसानं, मग ते यजमान असोत की मैत्रीण, गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या वाइनऱ्या एकमेकींपासून फार लांब नाहीत. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा इगतपुरी तालुक्यात आहेत, त्या जाताना किंवा येताना वाटेवर घेता येतात. पण पाच ठिकाणं दोन दिवसांत उरकायला ही काही अष्टविनायक यात्रा नव्हे! दिवसाला एक वाइनरी, फार तर दोन. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. कारखाना दाखवतात का? कितीच्या सुमाराला? आणि जेवण मिळतं का?

दिवस निवडताना पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही पुढ्यात घ्या. शनिवार-रविवार टाळा, पावसाळ्यातही त्या दोन दिवशी झुंबड असते. श्रावणी सोमवारी त्र्यंबकचा रस्ता भाविकांनी फुलून जातो, तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीची अलोट गर्दी. आषाढी एकादशी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे मद्यविक्री बंद असण्याचे दिवस. घरात श्रावण पाळत असाल तर आषाढातले मधले वार उत्तम, पण दिव्यांच्या अवसेच्या आधीचा शनिवार-रविवार नको, तेव्हा 'गटारी'वाल्यांचा गोंगाट असतो. आणखी एक. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. त्या पावसाळ्यात निवांतपणाची आशाच नको.

चव घ्यायची म्हणजे काय करायचं?

इथं आपल्या बायका उगीच बुजतात. "ती फ्रेंच नावं आपल्याला कुठली उच्चारता येणार?" शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ, शिराज, कॅबर्ने. चार वेळा म्हटली की जीभ वळते. आणि नाही वळली तर बोट दाखवून मागा! नाव घेणं सोपं, वास ओळखणं अवघड. त्यात तर आपला हात कोण धरणार? शेजारच्या घरात फोडणी करपली, हे आपल्याला भिंतीपलीकडून कळतं. लोणचं मुरलं की नाही, हे बरणीचं झाकण उघडताच आपण सांगतो. हे नाक पन्नास वर्षं ओट्यापाशी तयार झालेलं असो की पाच, इथं ते कामाला येतं.

आधी रंग बघा. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा बिनरंगाचाच असतो, लाल रंग येतो तो सालींतून. म्हणून लाल वाइन साली-बियांसकट आंबवतात आणि पांढरी नुसत्या रसाची. मग पेला हलकेच फिरवा आणि वास घ्या. सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये पेरू किंवा हिरवी मिरची ओळखीची वाटेल, शिराजमध्ये काळी मिरी. मग एक घोट घेऊन चूळ भरतो तसा तोंडात घोळवा. कच्च्या सुपारीसारखा किंवा जांभळासारखा तुरटपणा जाणवला, तर तो साली-बियांतून आलेला. त्यानंतर गिळायचंच असं नाही. टेबलावर थुंकण्यासाठी भांडं असतं, नसलं तर मागून घ्या. जाणकार मंडळी ते बिनदिक्कत वापरतात, मग आपणच का लाजायचं?

हिशेब मात्र ठेवा. एका चवीला साधारण तीस मिलिलिटर ओततात. अशा पाच चवी घेतल्या की दीडशे मिलिलिटर, म्हणजे भरलेला एक पेला पोटात गेला. बाटली ७५० मिलिलिटरची, तिचा पाचवा हिस्सा. "चवच तर घेतोय" म्हणता म्हणता हा आकडा कधी वाढतो ते समजत नाही. रिकाम्या पोटी मुळीच जाऊ नका आणि प्रत्येक चवीनंतर पाणी प्या.

ताटात काय?

सकाळी शहरात चुलीवरची मिसळ खा, नाशिकला येऊन ती चुकवणं म्हणजे पाप! पण तिच्यावर लाल वाइन नको. तिखट आणि तुरट एकत्र आले की तोंडाची आग आग होते. तिखटाजवळ थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ शोभते. तळलेल्या मासळीबरोबर आंबटसर सॉव्हिन्यों ब्लाँ घ्या, लिंबू पिळल्यासारखी लागते. मटणाबरोबर शिराज. शाकाहारी असाल तर पनीर, मशरूम, भाजलेलं वांगं यांच्याशी जोडी जमवून पाहा. वाइनरीच्या उपाहारगृहात पिझ्झा-पास्त्याचा थाट असतो, तो एका जेवणापुरता ठीक. रात्री एखाद्या साध्या खानावळीत शेवभाजी आणि बाजरीची भाकरी सांगा. आणि निघताना चिवडा घ्यायला विसरू नका, घरच्यांची तोंडं त्यानं बंद होतात.

हे आधीच ठरवा

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना आत घेतात का, ते आधी विचारा. दिवस गेलेल्या, अंगावर पाजणाऱ्या किंवा औषधं चालू असलेल्या बहिणींनी चवीच्या वाटेला जाऊच नये. "लाल वाइन हृदयाला चांगली" हे ऐकलं असेल, तर तेही सोडून द्या. मद्याचं अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. नाशिकहून पुढं सापुताऱ्याला जायचं असेल तर बाटली बरोबर नेऊ नका. सापुतारा गुजरातेत आहे आणि तिथं दारूबंदी आहे.

आणि बरोबरच्या एखादीनं "मला नको" म्हटलं, तर आग्रह करू नका. जेवणातला आग्रह इथं चालत नाही. तिच्या घरात या बाटलीनं काय केलंय, ते आपल्याला ठाऊक नसतं. तिच्यासाठी गार सरबत सांगा आणि तिला वास मात्र घेऊ द्या. पाऊस आणि मळा तिच्याही वाट्याला तेवढाच येतो.

दोन दिवसांचं काम एवढंच. सकाळी कुणी चहा मागत नाही, दुपारी कुणाचा डबा नाही. समोर ओला हिरवा मांडव आणि आपल्याला काय आवडतं, काय नाही, हे ठरवायला हवा तेवढा वेळ. कुणी "कशी वाटली?" असं विचारलं, तर "तुम्ही म्हणाल तशी" असं म्हणू नका. आवडली नसेल तर सरळ सांगा, "मला नाही आवडली. फार तुरट आहे." एवढं म्हणता आलं, तरी सहलीचे पैसे वसूल!