शाहूपुरीच्या वाटेने बिंदू चौकाकडे

जयसिंगपूरच्या स्टेशनवर आम्ही सत्तावीस जण जमलो तेव्हा थंडी अजून अंगात होती. सत्तावीसपैकी अकरा मुले. वस्तीतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर पायी हिंडून दाखवायचे, असे आमच्या मंडळात दोन वर्षे नुसतेच चालले होते. कधी पाऊस आडवा आला, कधी पैसा, कधी ऊसतोड. शेवटी यंदा जानेवारीतला एक रविवार पक्का केला. एसटीपेक्षा रेल्वे स्वस्त पडते म्हणून रेल्वे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठी भडंग बायकांनी पहाटे उठून बांधून घेतले होते.

आमच्यासोबत वस्तीतले गुरुजी होते. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, वय सत्तेचाळीस. नोकरी शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर. आठवडाभर तिकडे खोली करून राहतात आणि शनिवारी घरी येतात. गाडी सुटली तसे ते खिडकीशी बसले आणि पिशवीतून एक जाडजूड गाईड काढून वाचू लागले. मुलांना वाटले, कोल्हापूरची माहिती असेल. सातवीतल्या एका मुलीने वाकून पाहिले आणि ओरडली, "अय्या, गुरुजींची परीक्षा हाय!" डबा हसला. गुरुजीही हसले, पण पुस्तक मिटले नाही.

ते पुस्तक टीईटीचे होते, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. ज्यांची पाच वर्षेही उरली नाहीत त्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती हवी तर त्यांनाही परीक्षा. आमचे गुरुजी नोकरीला लागले २००१ साली. तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. याच प्रश्नावर ५ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या शिक्षकांनी शाळा बंद ठेवून मोर्चे काढले. गुरुजी मोर्चाला गेले होते. मोर्चाहून येताना त्यांनी गाईड विकत आणले. "मोर्चा मोर्चाच्या जागी, अभ्यास अभ्यासाच्या जागी," म्हणाले.

रुकडी आली तेव्हा त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि मुलांना खिडकीकडे बोलावले. इथून जवळच माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथे परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. त्या वेळी बाबासाहेबांचे वय अवघे अठ्ठावीस, हे ऐकून आमच्या पोरांना आश्चर्य वाटले. त्यांच्या डोळ्यांसमोर बाबासाहेब म्हणजे चष्मा लावलेले, पोक्त वयाचेच. मग पंचगंगेचा पूल, वळिवडे, गूळ मार्केट आणि शेवटी कोल्हापूर. या स्टेशनचे नावच आता श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे आहे.

स्टेशनातून बाहेर पाऊल टाकले की आपण शाहूपुरीत असतो. कोल्हापूरला येणारा माणूस इथून रिक्षा पकडतो आणि अंबाबाईला जातो, शाहूपुरी बघायला कोणी थांबत नाही. आम्ही थांबलो. ही पेठ महाराजांनी १८९५ साली वसवली. त्याआधी चार वर्षे, १८९१ ला, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. रेल्वे आली तर मालाला वाट झाली. मग स्टेशनच्या तोंडाशीच गुळाची बाजारपेठ बसवायची, हा हिशेब एकवीस वर्षांच्या राजाने केला. आम्ही बी. कॉम. झालेलो असल्यामुळे आम्हाला या हिशेबाचे जरा जास्तच कौतुक वाटते. गुळाचे सौदे आता मार्केट यार्डात होतात. शाहूपुरीत दुकाने, लॉज, कचेऱ्या आणि नंबरांच्या गल्ल्या राहिल्या आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असाच पत्ता सांगतात. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती होतात.

एका चहाच्या गाडीवर आम्ही सत्तावीस कप सांगितले. गाडीवाल्याने विचारले, एवढी मंडळी कुठली, कशाला आलाय? शाळेचा विषय निघाल्यावर तो म्हणाला, "आमच्या नातीला जरगनगरच्या शाळेत घातलंय. पाडव्याला नंबर लावला, आदल्या रातीपासनं." आमच्यातल्या काहींना वाटले, हा कुठल्यातरी मोठ्या इंग्रजी शाळेविषयी बोलतोय. गुरुजींनी सांगितले, ती महानगरपालिकेची मराठी शाळा आहे, जरग विद्यामंदिर. तिथल्या प्रवेशासाठी दर गुढीपाडव्याला पालकांची रांग लागते. सरकारी मराठी शाळा आता कोणाला नको, असे जे म्हणतात त्यांनी एकदा ती रांग बघावी. शाळा चांगली चालली, वर्गावर शिक्षक असला, की गरीबच काय, पगारदार माणूसही तिथे येतो.

हे लिहिताना आम्हाला संकोच होतो, कारण आमचा स्वतःचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. आम्ही सभेत जिल्हा परिषदेच्या शाळा वाचवा म्हणून भाषण करतो आणि सकाळी पोराला टाय बांधून रिक्षात बसवतो. गुरुजींचीही मुलगी इंग्रजी शाळेतच शिकली. त्यामुळे त्या चहाच्या गाडीशी आम्ही दोघेही थोडा वेळ गप्पच होतो.

स्टेशन रोडने आम्ही व्हीनस कॉर्नरकडे निघालो. पुढे जयंती नाल्यावरचा पूल लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत हा सगळा भाग पाण्याखाली होता. आता तिथे उभे राहून मुलांना पाणी कुठवर आले ते दाखवले तर खरे वाटत नाही. महापुरात आमच्या शिरोळ तालुक्यातल्या माणसांनाही शाळांच्या वर्गांतच आसरा मिळाला, आणि तिथे याद्या करणारे, जेवणाची ताटे मोजणारे शिक्षकच होते. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा; त्याचे कलम २७ सांगते की दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे काम देऊ नये. पण गुरुजी म्हणतात, ही तीन सोडून जे काही आहे तेच रोजचे झाले आहे. आज यू-डायसची माहिती, उद्या आधारची जुळणी, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक, ते रोज मोबाईलवर. वाडीवर रेंज नाही. माहिती भरायला ते संध्याकाळी टेकडीवर चढतात. आम्ही कारकून आहोत, माहिती भरणे हेच आमचे काम. पण आमच्यासमोर चौदा पोरे पाढे म्हणत बसलेली नसतात.

चौदा हा त्यांच्या शाळेचा पट. चार वर्ग, दोन शिक्षक. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर होत्या. कागदावर ही योजना चांगली दिसते: मोठी शाळा, मैदान, ग्रंथालय, मुलांना गाडी. पण वाडीवरून खालच्या गावची शाळा चार किलोमीटर, मध्ये ओढा आणि जंगल. पावसाळ्यात तिथे एसटी जात नाही, मग मुलांची गाडी कशी जाणार? मुलगे एक वेळ जातील. मुलींचे शिक्षण चौथीच्या आत थांबेल, असे गुरुजींनी ग्रामसभेत सांगितले.

दसरा चौकात आलो. मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. मुलांना पायऱ्यांवर बसवले आणि भाकऱ्या सोडायच्या आधी त्यांना सांगितले की १९१७ साली या राजाने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. १९१७ चा एक रुपया! सबंध देशात असा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. आणि १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका शाळेत बसवली.

पण आम्हाला त्याच वर्षीचा दुसरा एक हुकूम जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षण खात्यातल्या माणसांनी अस्पृश्य मुलांना इतरांसारखेच, आपुलकीने वागवावे. ज्याला हे जमणार नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि असा राजीनामा देणाऱ्याला पेन्शन मिळणार नाही, असा तो हुकूम होता. यात दोन गोष्टी आहेत. शिक्षकाला जाब विचारणारा राजा आहे. आणि शिक्षकाची नोकरी पेन्शनची, म्हणजे कायमची आहे, हेही त्यातच आले. जाब कायमच्या माणसाला विचारता येतो. अकरा महिन्यांसाठी आलेल्याला काय विचारणार? तो तर तुमच्या पोराचे नाव पाठ होईपर्यंत निघून गेलेला असतो.

आता कारकुनी हिशेब मांडतो. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. आमचे गुरुजी या योजनेतून लागले, महिना ३,००० रुपयांवर. म्हणजे दिवसाला शंभर. त्या पैशांत वाडीवरची खोली, जाण्यायेण्याचे भाडे आणि घरी आई. हे मानधन वाढत वाढत जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,००० झाले. दिवसाला पाचशे तेहेतीस. आमच्या वस्तीतला गवंडी याहून जास्त हजेरी घेतो, आणि घ्यावीच. त्यात ५ सप्टेंबर २०२४ ला, ऐन शिक्षकदिनी, शासनाने निर्णय काढला की कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक निवृत्त किंवा कंत्राटी नेमावा, १५,००० रुपयांवर. शिक्षकांनी त्या महिन्यात सामुदायिक रजा टाकून मोर्चे काढले, आणि २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. गुरुजींच्या शाळेतला दुसरा शिक्षक वाचला तो असा.

आमची पुतणी आमच्या बाजूलाच बसली होती. बी.एड. आहे, टीईटीही पास आहे. २०१२ पासून काही वर्षे भरती बंद, मग पवित्र पोर्टल, मग पोर्टलची वाट बघणे. ती एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. महिना सहा हजार हातावर टेकवतात, तेही दोन-दोन महिन्यांनी. ती म्हणाली, "काका, गुरुजींकडं नोकरी आहे, परीक्षा नाही. माझ्याकडं परीक्षा आहे, नोकरी नाही." आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला. यात आपल्या समाजाने लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. २६ जुलै १९०२ ला याच कोल्हापुरात महाराजांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. जागा कायम असेल तर बिंदुनामावली लागते, आपल्या पोरीचा नंबर कुठे आहे ते विचारता येते. कंत्राटात आणि संस्थाचालकाच्या मर्जीत कुठली नामावली?

आमच्यातल्या एका हमालबंधूंना मात्र हे सगळे ऐकून राग आला होता. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, १४ ते २० तारखेपर्यंत. आम्हीही त्यात होतो. २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि आम्ही त्यातलेच. त्या वेळी यांची मुलगी दहावीला होती, परीक्षा चालू होती. "तुमची पेन्शन खरी, पण त्या आठ दिवसांत माझ्या पोरीची झोप उडाली त्याचं काय? आमच्यासाठी कधी संप केलाय का तुम्ही?" आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. गुरुजी म्हणाले, "बरोबर बोलताय. पालकांना विचारायला आम्ही कधी दारात आलो नाही." हमालबंधू म्हणाले, "या की मग. चहा पाजतो." मग पुन्हा भडंगाची पिशवी फिरली.

६ मे हा महाराजांचा स्मृतिदिन. २०२४ च्या ६ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या एका नियमाला स्थगिती दिली. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब मुलांच्या पंचवीस टक्के जागांतून मोकळे करणारा तो नियम; जुलैत न्यायालयाने तो रद्दच केला. आमच्या वस्तीतली दोन मुले त्यामुळे शाळेत गेली. हे मुलांना सांगितले तेव्हा त्या दोघांपैकी एकाने हात वर केला, "मी! मी!" म्हणून.

लक्ष्मीपुरीतून बिंदू चौकात पोचलो तोवर पोरे दमली होती. इथले बाबासाहेबांचे आणि जोतीराव फुल्यांचे पुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना. बायकांनी हार घातले. मुलांनी फोटोसाठी रांग केली, आणि रांगेत उंचीप्रमाणे उभे करण्याचे काम आपोआप गुरुजींकडेच गेले. आम्ही त्यांना म्हटले, आज रविवार आहे, राहू द्या. ते म्हणाले, "हात वळवळतात."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. वळिवडे गेल्यावर सकाळचीच ती सातवीतली मुलगी गुरुजींच्या पुढ्यात येऊन बसली, गाईड तिने स्वतःच्या मांडीवर घेतले आणि बालमानसशास्त्राचे प्रश्न एकेक करून विचारू लागली. चौथ्या प्रश्नाला गुरुजी चुकले. तिने पेन्सिलीने फुली मारली आणि सांगितले, "परत वाचून या. पुढच्या रविवारी विचारणार."