सुप्यांतील एक बोलपट

नगरहून पुण्याकडे जातांना पारनेर तालुक्यांत सुपा हें गांव लागतें. शिवचरित्रांत मोहित्यांचें सुपें येतें तें पुणें जिल्ह्यांतलें. हा सुपा निराळा, हें वर्गांत मीं कितीदां तरी सांगितलें असेल. पण गांव पाहण्याकरितां म्हणून मी तेथें उतरलों तो गेल्या मार्गशीर्षांत, आणि तेंहि एका बोलपटाच्या आठवणीसाठीं!

लग्नानंतर पहिलीं दोन वर्षें माझे वडील येथें शिक्षक होते. स्वभाव अत्यंत करारी. आम्हां भावंडांना त्यांना हंसतांना पाहिल्याचें स्मरत नाहीं. आई मात्र सांगे, १९४६ च्या उन्हाळ्यांत गांवाबाहेर सिनेमाचा फिरता तंबू लागला होता. तेलाच्या इंजिनाची धडधड, यंत्र एकच असल्यामुळें प्रत्येक रिळानंतर खोळंबा, आणि मध्यें कनात: अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. बोलपट होता 'ब्रह्मचारी'.

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनें तो १९३८ सालीं काढला. दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. कथा आचार्य अत्रे यांची. (अत्रे स्वतः पुण्यांत मुख्याध्यापक होते, याचें आम्हां शिक्षकांना विशेष कौतुक.) ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून औदुंबर नांवाचा तरुण नटींच्या तसबिरी फेंकून देतो आणि व्रत घेतो, पुढें किशोरी भेटते आणि व्रताची जी दशा व्हावयाची ती होते. आपल्या शास्त्रांत ब्रह्मचारी दोन प्रकारचे: विद्या संपल्यावर गृहस्थ होणारा तो उपकुर्वाण, आणि आजन्म तसाच राहणारा तो नैष्ठिक. नैष्ठिक होऊं पाहणारा अखेर उपकुर्वाणच ठरतो, एवढीच ती कथा. पण बलोपासना आणि वैराग्य यांवरील भाषणांनीं भारावलेल्या त्या काळांत ती हंसत हंसत सांगण्यास धारिष्ट लागलें असेल. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखांत पडद्यावर आल्या, त्यावर तर केवढा गहजब झाला!

त्या प्रसंगीं आईनें डोळ्यांवर पदर घेतला होता. "लुगडें विरळ होतें," असेंहि ती सांगे. पण तिच्या लक्षांत राहिला तो तसबिरींचा प्रसंग. कनातीपलीकडून एक मोकळें, खळखळून आलेलें हंसूं ऐकूं आलें, आणि पाठोपाठ घसा खांकरल्याचा आवाज. खांकर ओळखीची होती. हंसूं मात्र ती प्रथमच ऐकत होती.

घरीं परततांना वडील म्हणाले, "वेळ फुकट गेला." तिनें मान डोलावली.

"त्यांना हें कधीं सांगितलें नाहींस?" मीं एकदां विचारलें.

"सांगितलें असतें तर पुन्हां हंसले नसते."

आतां सुप्यास औद्योगिक वसाहत आहे. जवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. तंबूची जागा तिघांना विचारली, तिघांनीं तीन दाखविल्या. तिन्ही पाहून आलों. एकीवर पत्र्याची शेड, दुसरीवर मालमोटारींचा तळ. तिसरी मोकळी, कुसळांनीं भरलेली. तेथें दगडावर जरा वेळ बसलों. मग नगरची एसटी आली.