गोड्या पाण्याचा हिशेब

जाहीर व्याख्याने विद्वानांसाठी असतात, अशी आमची समजूत होती. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात भूजलावर झालेल्या एका व्याख्यानाने ती मोडली.

वसईसारख्या किनारपट्टीत जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. बेसुमार उपशाने तो वरचा फूट ओसरला, की खालून खारे पाणी वर चढते.

आम्ही मान खाली घातली. टँकरला पाणी आम्हीच विकले होते. पाऊस जिरवणारे बावखलही आम्हीच बुजवले होते. पैसा आमच्या घरी आला, खारटपणा मात्र शेजाऱ्यांच्या विहिरीत आणि केळीच्या वाडीत उतरला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरणीचा आणि गरिबांचा आक्रोश एकच मानला. प्रवचनांतून ऐकलेला तो विचार त्या सायंकाळी आम्हांला विहिरीच्या हिशेबातून उमगला.

टँकर आम्ही बंद केला आहे. बावखल पुन्हा खोदायचे ठरले आहे. परमेश्वरापाशी कबुली दिली. शेजाऱ्यांपाशी द्यायची अजून बाकी आहे.