मोडीत न गेलेले पैसे

चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, साठ-सत्तर वर्षांपूर्वी जी लेकरं वाढली, त्यांच्या घरात तांब्याचा पैसा हमखास असायचा. तो बाजारात चालत नव्हता. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि जुनी नाणी हळूहळू व्यवहारातून निघून घराघरात जाऊन बसली. आजीच्या पेटीत, देवघराच्या फळीवर, कुठे धान्याच्या ढोलीमागे गाडग्यात. आम्ही नातवंडं त्यांच्याशी खेळत वाढलो. हे लिहितो आहे ते माझ्या एकट्याचं नाही. माझ्या वयाच्या कुणाही झाडीपट्टीतल्या माणसाला विचारा, त्याच्या आजीकडे असा एक डबा निघेल.

तांबं आमच्या आज्यांकडेच का साठलं, याला कारण आहे. धानाच्या मुलखात मजुरी पायलीनं मोजून मिळायची, सालदाराचा हिशेब धानातच व्हायचा. रुपया घरात आला तर तो सारा भरायला किंवा बैलजोडीला, आणि तो पुरुषांच्या हातातून जायचा. बायकांच्या हाती जे यायचं ते बाजाराच्या दिवशी. मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, अहेरी, जिथे जिथे आठवडी बाजार भरायचा तिथे जंगलातून मोह, चारोळी, डिंक, लाख यायची आणि मीठ, तेल, कापड जायचं. बरीचशी अदलाबदल. पण अंडी, कोंबडी, ओंजळभर चारोळी विकून पदराच्या गाठीत जो पैसा बांधला जाई तो बाईचा स्वतःचा. रुपया आबांचा आणि पैसा आजीचा, हे आमच्या घरी कुणी बोलून दाखवत नसे, पण तसंच होतं.

या बायका शाळेत गेल्या नव्हत्या. तरी तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै, हे गणित त्यांच्या बोटांवर होतं. आम्ही पावकी-निमकी घोकायचो. त्या न घोकता आमच्या आधी उत्तर द्यायच्या. दशमान पद्धत आली तेव्हा एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा ठरला आणि सुट्या व्यवहारात आण्याला सहाच धरले जाऊ लागले. माझी आजी दुकानदाराला विचारायची, “पाव कोठी गेला?” चार आणे मात्र बरोबर पंचवीस पैशांचे होत. म्हणून गूळ असो की हळद, ती एकदम चार आण्यांची घ्यायची. दशमानाचे तक्ते छापून लावणाऱ्या सरकारलाही तिचं हे गणित आवडलं असतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

डब्यातली नाणी आम्ही आधी हातानं ओळखली, अक्षरं नंतर वाचली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला तांब्याचा पैसा शंभर ग्रेनचा, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. तळहातावर ठेवला की जाणवायचा. 1906 पासून तांब्याऐवजी कांसं आलं आणि पैसा पाच ग्रॅमच्या आत उतरला. मग दुसरं महायुद्ध. धातूची टंचाई झाली आणि 1943 साली मधोमध भोक पाडलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा पैसा निघाला. 1947 पर्यंत तो पाडला गेला. बाजारात त्याला मान नव्हता; बायकांनी मात्र त्याचं सोनं केलं. आयतं भोक मिळालं. गोंड-माडिया बायकांच्या गळ्यातल्या मण्यांत तो ओवला गेला, आमच्याकडे लहानग्यांच्या करदोट्यात आला. ढब्बू पैसा म्हणजे अर्धा आणा. तो वजनदार असल्यानं लगोरीच्या डावात आमच्याकडून पणाला लागायचा आणि त्यावरून पाठीत धपाटाही बसायचा.

त्याहून जुनी नाणी वेगळी बांधलेली असत. शिवराई होती, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपती’. हा शिक्का शिवाजी महाराजांच्या नंतरही दीडशे वर्षं निरनिराळ्या टाकसाळींत पाडला जात राहिला. तराजूचा पैसा होता, मुंबईच्या कंपनी सरकारचा. त्याच्या दोन पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असं लिहिलेलं असतं. 1791 आणि 1794 चे असे पैसे तर थेट बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर पाडून जहाजानं आणले होते. ते चांद्याच्या रानात कोणत्या बैलगाडीतून पोचले असतील! नागपूरकर भोसल्यांची टाकसाळ तर चांद्यातच होती. आणि त्याच्याही कितीतरी मागे, सातवाहनांची हत्ती कोरलेली, पोटीन या मिश्रधातूची नाणी याच जिल्ह्यात मोठ्या संख्येनं सापडली. नाणकशास्त्रात तो साठा चांद्याच्याच नावानं ओळखला जातो.

बल्लारपूर, घुग्घुसकडच्या घरांत आणखी एक गोल चकती असायची. पितळेची, वर नुसता आकडा. खाणीचा बिल्ला. खाली उतरताना कामगार दिवा घ्यायचा आणि बिल्ला दिवाघरात द्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी संपल्यावर खिळ्यावर बिल्ला उरला असेल, तर तो माणूस अजून खाली आहे. नाणी जमवणारे अशा चकत्यांकडे फारसे बघत नाहीत. मला वाटतं, त्यांच्याइतकी मोलाची वस्तू आपल्या जिल्ह्यातल्या घरांत दुसरी नाही. आसामच्या चहामळ्यांचे हजेरीचे बिल्ले आज संग्रहालयांत आहेत. ब्रिटनमध्ये 1787 साली सरकार पुरेसं तांबं पाडत नव्हतं, तेव्हा वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस खाणीनं स्वतःच्या तांब्याचे पेनी पाडून मजुरी वाटली. त्यांवर जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्या कोळशाच्या खाणींचे बिल्ले भंगारात जात आहेत.

भंगाराचं सांगायचं तर, सगळ्यात जास्त तांबं कासारानं नेलं. भंडाऱ्याची भांडी घेऊन तो दारात यायचा आणि मोड घेऊन नवं भांडं द्यायचा. फुटका गुंड, चेपलेला गडवा आणि त्यासोबत मूठभर जुने पैसे तराजूत पडायचे. त्यात चूक काही नव्हतं, संसार होता. माझ्या आईच्या लग्नातली घागर अशाच मोडीतून आली. पण प्रत्येक आजीनं काही नाणी मुठीतून परत काढून घेतली, आणि आज आपल्याकडे जे उरलं आहे ते त्या काढून घेतलेल्या नाण्यांपैकीच.

आता ही नाणी नातवंडांच्या हाती आली आहेत आणि दोन संकटं त्यांच्या मागे आहेत. एक, हनुमान किंवा राम दरबाराचं चित्र आणि 1818 साल असलेली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची नाणी. कंपनीनं अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती अलीकडे विकण्यासाठी बनवलेली आहेत. दुसरं त्याहून वाईट. तांब्याचं नाणं तांदूळ ओढून घेतं आणि त्याला करोडो रुपये मिळतात, असं सांगत फिरणाऱ्या टोळ्या. कुठलंही तांबं तांदूळ ओढत नाही. या नादात माणसांनी शेतं विकली आहेत.

तेव्हा घरात असा डबा असेल तर तो आज उघडा. नाणी चिंचेनं, राखेनं घासू नका. वरचा काळपट थर गेला की अक्षरं झिजतात आणि अभ्यासकाच्या लेखी नाण्याची किंमतही उतरते. प्रत्येक नाणं कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा: कुणाचं, कोणत्या गावचं, घरात कसं आलं. नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीतून साठा निघाला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. बाकी राहिलेलं डब्याची मालकीणच सांगू शकते. ती हयात असेल, तर तिच्याजवळ बसून विचारून घ्या.